मीटर, बिल आणि आईच्या खोलीतला दिवा

सोमवार

संध्याकाळी विजेचं बिल आलं. युनिट ४१२. आमच्या घराचा खप दर महिन्याला १८० च्या आसपास असतो, थोडा खाली, थोडा वर. रक्कम तर युनिटांपेक्षाही जास्त फुगलेली, कारण दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि वरची युनिटं वरच्या दराने लागतात.

मी बिल हातात धरूनच बोलायला लागले. गीझर कोण चालू ठेवतं, पंखे कोण बंद करत नाही, रात्रभर दिवे कोणाच्या खोलीत जळतात. शेवटचं वाक्य बोलताना मी आईच्या दाराकडे बघितलं. तिच्या खोलीत रात्री एक छोटा दिवा असतो, तिला उठावं लागतं म्हणून. ती काहीच बोलली नाही. हे सगळं होईपर्यंत मी मीटरकडे गेलेही नव्हते.

मंगळवार

सकाळी उठले तर आई पंखा बंद करून बसलेली. "गार वाटतंय गं," म्हणाली. गार नव्हतं. रात्रीचा दिवाही तिने लावला नव्हता, भिंतीला हात लावत जाऊन आली. हे ऐकल्यावर मला बसवेना. बिल घेऊन खाली मीटरपाशी गेले.

मीटरचा पडदा स्थिर नसतो. तारीख, वेळ, व्होल्टेज, आणखी कसले कसले आकडे एकामागून एक येतात आणि मग काही क्षण केडब्ल्यूएच अशी अक्षरं असलेला आकडा येतो. तोच आपल्या बिलाचा. पहिल्या दोन फेऱ्यांत माझा तो हुकला. तिसऱ्यांदा मोबाईलने फोटो काढला: १४,७३७.

बिलावर मागील रीडिंग १४,४८६ आणि चालू रीडिंग १४,८९८. वजाबाकी ४१२, बरोबर. पण चालू रीडिंगची तारीख सहा दिवसांपूर्वीची, आणि मीटर आज १४,७३७ वर. सहा दिवसांपूर्वी जो आकडा नोंदवला म्हणतात तिथे मीटर अजून पोचलेलाच नाही.

मी तिथेच पायरीवर बसले. राग आला, आणि त्यातला निम्मा काल रात्रीच्या माझ्यावर होता.

बुधवार

नवरा म्हणाला, फोटो आहे, दाखवून ये, विषय संपला. मला तेवढ्यावर जायचं नव्हतं. मीटर पळतो का, कुठे गळती आहे का, आपला खरा खप किती, हे आपल्याला माहीत नसेल तर समोरचा दुसरा प्रश्न विचारेल तेव्हा गप्प बसावं लागेल.

मीटरवर एक लाल दिवा मिचकावत असतो. आमच्या मीटरवर ३२०० असं छापलंय, म्हणजे एक युनिट वापरलं की तो ३२०० वेळा मिचकावतो. आणि एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण तासभर. घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रीजचा प्लग काढला, मेन स्विच मात्र चालू ठेवला. मुलगा खाली मीटरपाशी फोन कानाला लावून उभा. दिवा हलला नाही. वायरिंगमधून कुठे वीज झिरपत असती, किंवा मीटरच्या पुढे आमच्या लाइनवर दुसऱ्या कोणाची जोडणी असती, तर तो मिचकावत राहिला असता.

मग फक्त १५०० वॅटची पाणी उकळायची किटली लावली. हिशेबाने मिनिटाला ८० वेळा दिवा लागायला हवा. मुलाने ७८ मोजले. व्होल्टेज थोडं कमी असलं की किटलीही थोडी कमी ओढते, त्यामुळे एवढा फरक चालतो. मीटर ठीक आहे. मला बरं वाटलं, कारण मीटर तपासणीच्या अर्जाच्या वाटेला जायची गरज उरली नाही. चूक आकडा वाचण्यात किंवा लिहिण्यात आहे.

रात्री दहाला पुन्हा खाली गेले, तर दिवा भराभर मिचकावत होता. फ्रीजने एवढा मिचकावणार नाही. वर येऊन एकेक बघितलं. गीझरचं बटण चालू होतं आणि बाथरूममधला गरम पाण्याचा नळ ठिबकत होता. नळाखाली बादली लावून ठेवली, बटण मुद्दाम तसंच राहू दिलं.

गुरुवार

सकाळी अर्धी बादली भरलेली, दहा लिटर तरी असेल. दिवसाचं धरलं तर वीस. एका युनिटमध्ये साधारण २८ लिटर पाणी ३० अंशांनी तापतं. म्हणजे नुसत्या ठिबकण्यात दिवसाला पाऊण युनिट, आणि टाकी दिवसरात्र गरम राहण्यात जाते ती उष्णता वेगळी. महिन्याला तिसेक युनिटं इथेच गेली. गीझर पहाटे मी लावते. गेले कित्येक दिवस घाईत निघताना तो बंद करायचा राहतोय तो माझ्याकडूनच. आई तर आंघोळ सगळ्यांत शेवटी करते आणि बटणाला हातही लावत नाही.

नळाचा वॉशर बदलून घेतला.

मीटरचे आकडे असे: मंगळवारी १४,७३७, बुधवारी १४,७४३, आज १४,७५०. दिवसाला साडेसहा. सहा दिवस मागे गेलं तर मंगळवारच्या आकड्यातून चाळीस वजा, म्हणजे १४,७०० च्या आतबाहेर. बिलावर १४,८९८. त्यातला शेकड्याचा आठ सहा करून बघितला: १४,६९८. बसतंय. या पडद्यावरचे आकडे सात रेघांचे असतात, आणि सहा न् आठ यांच्यात उजवीकडच्या वरच्या एका रेघेचाच फरक. उन्हाची तिरीप पडली की मलाही तो फरक कळत नाही.

म्हणजे खरा खप २१२. त्यात तीसेक युनिटं आमची चूक, आणि २०० युनिटं जी या घरात कोणी जाळलीच नाहीत.

शुक्रवार

कार्यालयात गेले. खिडकीवरचे गृहस्थ सभ्य होते. बिल बघून म्हणाले, "मॅडम, रीडिंग पुढे गेलं असेल तर काळजी करू नका, पुढच्या महिन्यात आपोआप अ‍ॅडजस्ट होतं."

अर्धं खरं आहे ते. पुढच्या महिन्यात मीटर १४,८९८ च्या जवळ येईल आणि बिल जवळपास शून्य युनिटांचं निघेल. युनिटं फिटतील. पण पैसे फिटणार नाहीत. ४१२ युनिटं एकाच महिन्यात दाखवली की त्यातली बरीचशी वरच्या टप्प्याच्या महाग दराने आकारली जातात. तीच दोन महिन्यांत २०६-२०६ अशी विभागली असती तर खालच्या दराने बसली असती. हे मी घरून कागदावर मांडून नेलं होतं, तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "लेखी द्या."

अर्ज तयारच होता. ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, बिलाची तारीख, चार दिवसांची रीडिंगं वेळेसकट, मीटरचे फोटो. मागणी एवढीच, की प्रत्यक्ष रीडिंग घेऊन बिल दुरुस्त करावं, आणि तोवर हे बिल थकबाकीत धरू नये. नेहमीच्या खपाइतकी रक्कम आत्ता भरायची तयारी आहे, हेही लिहिलं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतली. पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे वडिलांनी शिकवलेलं.

रात्री वाचत बसले होते. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनने घराघरांत वीज द्यायला सुरुवात केली, त्या काळातल्या त्याच्या मीटरमध्ये काटा नव्हता, आकडे नव्हते. बरणीत रसायन आणि त्यात जस्ताच्या पट्ट्या. थोडी वीज त्यातून जायची, एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर चढायचं. महिन्याने माणूस येऊन पट्ट्या काढून न्यायचा, वजन करायचा आणि बिल व्हायचं. ज्याच्या घरात ती बरणी होती त्याला आपण किती वीज जाळली हे कळायला काही मार्गच नव्हता. आपल्याला आकडा दिसतो. वर्षानुवर्षं मी त्या मीटरच्या शेजारून जिना चढले आणि एकदाही थांबून तो वाचला नाही.

दोन आठवड्यांनी, रविवार

रीडिंग घ्यायला माणूस येऊन गेला. मी शेजारी उभी होते. त्याने आकडा मोठ्याने वाचला, मीही वाचला, मग त्याने लिहिला. काल दुरुस्त बिल आलं: चालू रीडिंग १४,६९८, युनिट २१२. भरून टाकलं. ती तीस युनिटं आमची होती, त्याबद्दल तक्रार नाही.

आता दर रविवारी सकाळी आकडा कॅलेंडरवर लिहितो. मुलाने ते काम स्वतःकडे घेतलंय.

आईला दुरुस्त बिल दाखवलं. गीझर मी चालू ठेवत होते, हेही सांगितलं. तिच्या खोलीतला दिवा ५ वॅटचा आहे. तो २०० तास जळतो तेव्हा एक युनिट होतं, रोज दहा तास लावला तरी वीस रात्री. हे मी तिला बोटांवर मोजून दाखवलं. "कळलं गं मला, मी काही रागावले नाहीये," म्हणाली.

काल रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा तिच्या दाराखाली बघितलं. दिवा बंद होता. आत ती भिंत चाचपत चालली होती, बांगड्यांचा आवाज येत होता.