नळाची मोटर आणि उंडेऱ्याचा प्लेग

गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, आमच्या सोसायटीतील एकाच ओळीतल्या तीन घरांत ताप आला. पहिला आजारी पडला तो माझा भाचा, जो शिक्षणासाठी आमच्याकडे बडोद्याला राहतो. दुसरी शेजारच्या गुजराती मासींची सून, आणि तिसरे कोपऱ्यावरच्या घरातील निवृत्त गृहस्थ, जे बाहेर कोठे चहासुद्धा घेत नाहीत. भाच्याचा ताप सकाळी जरा उतरे आणि संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा थोडा अधिक चढे; सर्दी नाही, खोकला नाही, जिभेवर मधोमध पांढरा थर आणि कडा लाल. दांडिया बाजारातील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकतीस वर्षे नोकरी केल्यामुळे तापाची ही चढण मला ओळखीची होती. पण घरच्या माणसाच्या बाबतीत निदान टाळण्याकडे कल असतो, तसे मीही दोन दिवस टाळले.

बहिणीचा पुण्याहून फोन आला, "ताई, विडाल करून घे ना लगेच." मी नको म्हटले, आणि ती रागावली. विडाल ही टायफॉइडसाठीची रक्तचाचणी 1896 सालची आहे. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते, आणि ती पुरेशी तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. शिवाय आपल्याकडे पूर्वी कधीतरी हा संसर्ग होऊन गेलेल्या पुष्कळ लोकांच्या रक्तात ती आधीपासूनच थोडीफार असतात. तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या विडालचा निकाल होकारार्थी आला काय किंवा नकारार्थी आला काय, त्यावरून ठामपणे काही म्हणता येत नाही, हे लॅबच्या खिडकीपाशी मी किती जणांना सांगितले असेल, आणि किती जणांनी तरीही पैसे भरले असतील. पहिल्या आठवड्यात उपयोगी पडते ते ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणे, आणि तेही अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वी घेतलेले.

ते घेतले. तिसऱ्या दिवशी माझ्या जुन्या सहकारिणीने जंतू वाढवलेली ताटली पाहायला बोलावले. मॅकॉन्की नावाच्या माध्यमावर आतड्यातला नेहमीचा ई. कोलाय वाढला तर त्याचे गडद गुलाबी ठिपके दिसतात, कारण तो त्यातील दुग्धशर्करा आंबवतो. टायफॉइडच्या जंतूला ते जमत नाही. भाच्याच्या ताटलीवर दवबिंदूंसारखे फिकट, रंगहीन, गुळगुळीत ठिपके होते. पुढच्या चाचण्यांनी नाव पक्के केले, डॉक्टरांनी औषध ठरवले, आणि आमच्या घरापुरते ते प्रकरण मार्गी लागले. तो जंतू आमच्या घरात कोणत्या वाटेने आला, हे मात्र ताटलीवरून कळत नाही.

सगळ्यांनी अर्थातच सेव उसळ आणि पाणीपुरी यांच्यावर आळ घेतला. भाच्याने चार दिवसांपूर्वी पाणीपुरी खाल्ली होती, हे खरे. पण टायफॉइडचा जंतू गिळल्यापासून ताप यायला बहुधा एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांपूर्वीच्या पाणीपुरीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होते.

हे आठवडे जातात कोठे, हे समजून घेण्यासारखे आहे. पाण्याबरोबर पोटात गेलेल्या जंतूंपैकी बरेचसे जठरातल्या आम्लात मरतात. जे वाचतात ते लहान आतड्याच्या अस्तरातून आत शिरतात. तेथे त्यांना गिळून पचवण्यासाठी आपल्या शरीराच्या पहारेकरी पेशी तयारच असतात, आणि त्या त्यांना गिळतातही. पण हा जंतू त्या पेशींच्या पोटात मरत नाही, उलट तेथेच मुक्काम करतो. पहारेकऱ्याच्याच अंगरख्यात लपून तो यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा येथपर्यंत पोचतो, तेथे गुपचूप वाढतो, आणि पुरेशी संख्या झाली की रक्तात उतरतो. ताप येतो तो तेव्हा. रक्तातून तो पित्ताशयात जातो आणि पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात येतो, म्हणजे शौचावाटे बाहेर पडायला मोकळा. काही थोड्या लोकांच्या पित्ताशयात, विशेषतः पित्तखडे असतील तर, तो वर्षानुवर्षे राहतो, आणि त्या माणसाला स्वतःला काहीही त्रास होत नाही. न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण अशीच होती. जेथे जेथे ती नोकरीला लागे तेथे टायफॉइड निघे, हे 1907 मध्ये उघडकीस आले. तिला एका बेटावर अलग ठेवले, पुढे सोडले, 1915 मध्ये पुन्हा धरले, आणि 1938 मध्ये तिचा शेवटही त्याच बेटावर झाला. ती स्वतःला शेवटपर्यंत निरोगीच समजत होती, आणि तिच्या दृष्टीने ते खोटेही नव्हते.

या जंतूचे एक वैशिष्ट्य असे की त्याला माणसाखेरीज दुसरे घर नाही. गुरे, कोंबड्या, उंदीर यांच्यात तो राहत नाही. तेव्हा नळाच्या पाण्यातून टायफॉइड आला, याचा सरळ अर्थ कोणा माणसाची विष्ठा त्या पाण्यात मिसळली, एवढाच होतो. असे उघड लिहिणे पुष्कळांना अप्रशस्त वाटते, म्हणून आपण 'दूषित पाणी' म्हणतो आणि दूषण नेमके कसले, हा प्रश्न सभ्यपणे बाजूला ठेवतो.

जंतू माहीत आहे पण वाट माहीत नाही, ही अवस्था बडोद्याने पूर्वी एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. 1894 मध्ये हाँगकाँगला येर्सिन याने प्लेगचा जंतू शोधला. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग निघाला तेव्हा जंतू दोन वर्षांचा जुना परिचित होता. पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून भिंतींना चुना, जमिनीवर कार्बोलिक, धान्य आणि अंथरुणे उन्हात, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी, असे सर्व दिशांना बाण सोडणे चालू होते. पुण्यात 1897 मध्ये सैनिकांनी घरात शिरून ज्या झडत्या घेतल्या आणि त्यातून जो संताप उसळला, तो महाराष्ट्राच्या इतिहासाचा भाग आहे. आपल्या खेड्यांतील माणसांना मात्र एक गोष्ट अनुभवाने पक्की माहीत होती. घरात उंदीर पडू लागले, म्हणजे मरून पडू लागले, की ते घर सोडून रानात झोपडी बांधायची.

बडोद्याजवळच्या उंडेरा गावात फेब्रुवारी 1898 मध्ये जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपल्या प्लेगच्या लशीची चाचणी घेतली. आज गोरव्याच्या पलीकडे शहरात जवळजवळ मिसळून गेलेले हे गाव तेव्हा शहरापासून काही मैलांवर होते. हाफकिन प्लेगचे जंतू मांसरसात वाढवत आणि रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवत, म्हणजे त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबत्या तंतूंसारखी उतरे. मग ते तापवून मारले की झाली लस. उंडेऱ्यात त्यांनी प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले. निम्म्यांना लस टोचली, निम्म्यांना नाही. एकच घर, एकच चूल, एकच अंथरूण-पांघरूण, आणि फरक फक्त टोचल्याचा. पुढे ज्या 28 कुटुंबांत प्लेग आला, त्यांतील टोचलेल्या 71 जणांपैकी 8 आजारी पडून 3 दगावले, आणि न टोचलेल्या 64 जणांपैकी 27 आजारी पडून 26 दगावले. आजच्या नीतिनियमांत अशी विभागणी कितपत बसेल, हा प्रश्न माझ्या मनात येतोच. एकाच ओसरीवर बसलेल्या दोन भावांपैकी एकाला सुई आणि दुसऱ्याला नाही, हे चित्र सुखाचे नाही. पण हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा, ज्या गावावरून आम्ही इतकी वर्षे जा-ये केली त्याचे नाव तेथे पाहून मी बराच वेळ ते पान उघडे ठेवून बसले होते.

त्याच वर्षी जूनमध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरची पिसू दुसऱ्या उंदरापर्यंत प्लेग पोचवते, हे प्रयोगाने दाखवले. लोकांनी ते मनावर घ्यायला आणखी कित्येक वर्षे घेतली. उंदीर मेला, त्याचे शरीर थंड झाले, की पिसवा ते सोडून जवळच्या गरम रक्ताकडे निघतात. आणि 1914 मध्ये असे दिसून आले की पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो, त्यामुळे शोषलेले रक्त आत जात नाही, ती भुकेने वारंवार चावते आणि प्रत्येक चाव्याबरोबर अडकलेले रक्त जंतूंसकट जखमेत परत ओकते. 'उंदीर पडले की घर सोडा' हा खेड्याचा नियम, कारण ठाऊक नसतानाही, नेमका या वाटेवर बसत होता. भिंतीचा चुना तिच्या आसपासही नव्हता.

आणि वाट कायम एकच राहील असेही नाही. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत जो प्लेग निघाला तो फुप्फुसाचा होता, म्हणजे जंतू तोच, पण वाहन पिसू नव्हे, खोकला. सुरतेहून आलेल्या गाड्या बडोदे स्टेशनात रिकाम्या होत होत्या, माणसे तोंडाला रुमाल बांधून फिरत होती, आणि टेट्रासायक्लीन औषधाच्या दुकानांतून नाहीसे झाले होते. आमच्या लॅबमध्ये साध्या सर्दीची माणसे रांग लावून उभी असत.

आता पुन्हा आमच्या नळाकडे. बडोद्याचे पाणी सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजव्याच्या तलावातून आणि मही नदीतून येते, ते शुद्ध करून, क्लोरीन घालून सोडतात, आणि नळाशी पोचेपर्यंत त्यात प्रति लिटर निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावे अशी अपेक्षा असते. परंतु आमच्या भागात पाणी दिवसाला पाऊण तास येते. उरलेले सव्वातेवीस तास ती लाइन रिकामी किंवा अर्धवट भरलेली असते, आतला दाब गेलेला असतो, आणि जमिनीत तिच्या शेजारून ड्रेनेजची लाइन जाते. लाइन भरलेली आणि दाबाखाली असेल तर भोकातून पाणी बाहेर झिरपते. दाब गेला की तेच भोक बाहेरची ओल आत घेते. सकाळी पाणी सुटले की ती ओल पहिल्या लोटाबरोबर घरात येते. मैला मिसळला की शिल्लक क्लोरीन त्याच्याशीच लढण्यात खर्च होते.

येथवर दोष जमिनीखालचा. पुढचा आमचा आहे. पाणी बारीक येते म्हणून आमच्या ओळीतील प्रत्येकाने, आम्हीही, नळाच्या लाइनलाच थेट मोटर लावली होती. मोटर पाणी ओढते, म्हणजेच लाइनमध्ये पोकळी करते, आणि ती पोकळी भरायला जे मिळेल ते, शेजारच्या भोकातून का होईना, आत येते. हे मला शास्त्र म्हणून ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. सकाळी सहाला मोटरचे बटण दाबणारा हात माझाच होता, आणि ज्या आठवड्यात पाण्याला मातकट वास येत होता, त्या आठवड्यात मी 'पावसाळ्याचे पाणी आहे' असे म्हणून ते जमिनीखालच्या टाकीत घेतले.

मला या निमित्ताने रावपुऱ्यातल्या आमच्या जुन्या वाड्यातील आजी आठवली. तिच्या माठावर लांब दांड्याचे ओगराळे अडकवलेले असे, आणि माठात पेला किंवा हात बुडवणाऱ्याची ती गय करीत नसे. जंतू तिला माहीत नव्हते, पण हातावरून पाण्यात जाणारी एक वाट तिने पक्की बंद केली होती. मात्र त्याच घरात भांडी घासणाऱ्या बाईने माठाला हात लावलेला चालत नसे, आणि घरातली माणसे शौचाहून आल्यावर नुसत्या पाण्याने हात धुऊन सोवळ्यात वावरत. सोवळ्याचे समर्थन करताना त्याला आरोग्यशास्त्र म्हणणारे लोक भेटले की मला हे दोन हात आठवतात.

तक्रार केल्यावर नवव्या दिवशी खोदकाम झाले. मासींच्या फाटकासमोर सव्वा हात खाली जुना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप गंजून पापुद्रे सुटलेला निघाला. त्याला करंगळीचे पेर जाईल एवढे भोक, आणि वीतभर अंतरावर ड्रेनेजच्या चेंबरची चिरलेली भिंत. प्लंबरने तो तुकडा कापून वर फेकला आणि म्हणाला, "बेन, यातून तर तुम्ही सगळ्यांनी मिळून ओढले." तोपर्यंत आम्ही पाणी चांगली उकळी आणून पीत होतो, टाकी उपसून, ब्लीचिंग पावडर घालून धुतली होती, आणि मासींकडे ताप उतरला होता. निवृत्त गृहस्थांना बरे व्हायला सर्वांत जास्त दिवस लागले.

नवीन तुकडा बसल्यावर मी लॅबमधून आणलेल्या कुपीत नळाचे पाणी घेऊन त्यात क्लोरीन तपासण्याचे थेंब टाकले. पाणी फिकट पिवळे झाले. आमची मोटर आता लाइनवरून काढून टाकीला जोडली आहे, आणि नळाची बादली भरायला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागतो. सकाळी सहाला मी तेथे उभी असते तेव्हा ओळीतल्या इतर घरांतून अजून चार मोटरींचा आवाज ऐकू येतो.