दादऱ्याची गाठ

आज सकाळी मी लोणच्याच्या बरणीचा दोरा कात्रीनं कापला. झालं ते एवढंच, पण दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

मोठी बरणी संपली म्हणून आईनं धाकटी काढायला सांगितलं. फळीवरून उतरवली, धूळ पुसली. तव्यावर भाकरी होती, गाठ नखानं सुटेना, कात्री हाताशीच होती. मागं वळून बघते तर आई दारात उभी. काही बोलली नाही, तशीच परत गेली. तेव्हा ध्यानात आलं, ती गाठ अण्णांची होती.

मागच्या उन्हाळ्यात कैऱ्या आम्ही फोडल्या, मसाला आईनं कालवला, बरणीच्या तोंडावर दादरा बांधायचं काम मात्र दरवर्षीसारखं त्यांचंच. टाके घालायचं, मुदत संपलेलं काळं सिल्क डॉक्टर अण्णांच्या खणात कायम असायचं. घरातलं सगळं त्यानंच बांधायचे. पहिल्या फेऱ्यात दोरा दोनदा गुंडाळायचा, म्हणजे दुसरा फेरा घालेपर्यंत तो सरकत नाही. दुसरा उलट्या बाजूनं. खिडकीच्या गजाला दोरा अडकवून त्यांनी आम्हा दोघांनाही शिकवलं होतं. दादाला लगेच जमलं. मी कंटाळून उठून गेले.

का नाही थांबले मी? त्या दिवशीही, आजही.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही लातुरात होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जन उरकून सगळे गाढ झोपलेले. अण्णा अंधारातच गेले ते चौथ्या दिवशी परतले आणि बूटही न काढता ओसरीवर आडवे झाले. आई त्यांच्या उशाशी बसून राहिली. त्या चार दिवसांबद्दल ते फार बोलायचे नाहीत. एका येळवशीच्या अमावास्येला शेतात, आंबील पिऊन झाल्यावर, आपणहून सांगायला लागले. दोन-दोन फूट जाड दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचं ओझं. पाय तासन्‌तास दगडाखाली दबलेला माणूस चांगला बोलत असतो, पाणी मागतो. "दगड उचलला की आपल्याला वाटतं, सुटला बिचारा. पण चेंगरलेल्या मांसातलं विष तेव्हाच रक्तात उतरतं, मूत्रपिंडं बंद पडतात. आधी सलाईन लावायचं, मग दगड काढायचा. घाईनं मोकळं करू नये गं कुणाला." आणि मग उठून पोरांना झोका द्यायला गेले.

घाईनं मोकळं करू नये. आणि मी भाकरी करपेल म्हणून कात्री उचलली.

दुपारी फार रडले. त्यांचं सगळं मीच केलं, औषधं, पथ्यपाणी, रात्रीची जाग. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात जे झालं ते आज लिहिणार नाही. दादाशी परवा जे बोलणं झालं तेही नको. पण इतकं करून, त्यांच्या हातची उरलेली एकच गाठ माझ्याच हातून तुटावी? गावात अजूनही माणसं मला थांबवून सदरा वर करतात, "डॉक्टरसाहेबांनी घातलेले टाके, बघा ताई." त्यांच्याकडे अंगावर खूण आहे. माझ्याकडे काय आहे?

संध्याकाळी आई माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या मुठीत तो तुटका दोरा होता, सकाळीच उचलून ठेवलेला. म्हणाली, "टाके ते स्वतःच कापायचे की. सातव्या-आठव्या दिवशी. पेशंट घाबरला की म्हणायचे, अहो, आत जुळलंय, आता दोऱ्याचं काय काम." मग बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला.

लोणचं छान मुरलंय. वर तेल आलंय, फोडी अजून कडक आहेत. भाकरीबरोबर आईनं दोन फोडी खाल्ल्या. कार्तिकापासून पहिल्यांदा तिनं मागून घेतलं.

जेवणं झाल्यावर त्यांच्या खणातून सिल्क काढलं. दादरा घातला. दोनदा गुंडाळून ओढलं, सरकलं. पुन्हा केलं, पुन्हा सरकलं. तिसऱ्यांदा आईनं पहिल्या फेऱ्यावर बोट दाबून धरलं आणि मी दुसरा उलटा घातला. बसली. थोडी वाकडी आहे. आईनं बरणी उचलली आणि वरच्या फळीवर न चढवता खाली ठेवली, हाताला येईल अशी.