टीव्ही न लावता गाणे लावण्याची सोय

विश्रामबागेतल्या आमच्या घरी संध्याकाळी टीव्ही बंद असतो आणि नाट्यगीते चालू असतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत मराठी नाटकाचा प्रयोग केला, त्या सांगलीत याचे कोणाला नवल वाटणार नाही. मात्र बाबांनी जुन्या कॅसेटींवरून संगणकात उतरवून घेतलेली ही सारी पदे रास्पबेरी पाय ४ या चिमुकल्या संगणकाच्या एका छोट्या डबीत मावली आहेत, आणि त्या डबीचा रिमोट म्हणजे बाबांचा मोबाइल आहे.

डबीत कोडी हा मीडिया प्लेयर आहे. मूळचा एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी लिहिलेला हा प्रोग्रॅम २०१४ पर्यंत एक्सबीएमसी या नावाने ओळखला जात असे. डबीचा आवाज हेडफोनच्या खाचेतून थेट ॲम्प्लिफायरला जातो. पूर्वी टीव्हीचाच रिमोट एचडीएमआय केबलमार्फत कोडीलाही चालत असे, ही सोय खरीच. पण पद निवडायचे तर पडदा दिसायला हवा, म्हणजे एका भैरवीसाठी टीव्ही लावणे आलेच. कोडीच्या 'कोरे' या अधिकृत अँड्रॉइड ॲपने ही अडचण दूर केली, कारण गाण्यांची यादी त्यात मोबाइलच्याच पडद्यावर उमटते. मला विचाराल तर बाणांच्या बटणांपेक्षा या यादीचेच मोल अधिक आहे.

जोडणी अवघड नाही. कोडीच्या सेटिंग्जमध्ये सर्व्हिसेस, आणि त्यात कंट्रोल, येथे एचटीटीपीद्वारे (म्हणजे वेबपाने ज्या पद्धतीने येतात-जातात तिच्याद्वारे) नियंत्रणाला आणि इतर उपकरणांवरील ॲप्सना परवानगी द्यावी, पासवर्ड ठेवावा, आणि मोबाइल त्याच वायफायवर असताना ॲपला डबी शोधू द्यावी. स्वतः माहिती भरायची झाल्यास पोर्ट, म्हणजे डबीत शिरण्याच्या दाराचा क्रमांक, सहसा ८०८० असतो. हा पोर्ट राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला मात्र कधीही खुला करू नये, कारण साध्या एचटीटीपीवरून जाणारा पासवर्ड सुरक्षित नसतो.

खरी परीक्षा पाहिली ती विजेने. पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली आणि तासाभराने आली. डबी सुरू झाली, राउटर सुरू झाला, पण ॲप काही केल्या जोडले जाईना. "अगं, तुझा रिमोट रुसला," असे बाबा म्हणाले, आणि मी अर्धा तास ॲप काढून पुन्हा घालण्यात वाया घालवला. दोष ॲपचा नव्हताच. साधा रिमोट अवरक्त किरणांनी समोरच्या उपकरणाशी थेट बोलतो. ॲपचा निरोप मात्र राउटरमार्फत एका ठरावीक आयपी पत्त्यावर, म्हणजे घरच्या जाळ्यातल्या डबीच्या क्रमांकावर जातो, आणि वीज आल्यावर राउटरने डबीला नवाच पत्ता देऊन टाकला होता. राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) विभागात डबीच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे तिच्या स्वतःच्या ओळखक्रमांकासाठी, एक आयपी कायमचा राखून ठेवल्यापासून ही तक्रार पुन्हा आलेली नाही. पुढे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर बाबांचा फोन चुकून जोडला गेला, तेव्हाही हेच लक्षण दिसले. त्या जाळ्यातून घरातली इतर उपकरणे आमच्या राउटरने मुद्दामच अदृश्य ठेवली होती.

बाबांना सर्वांत आवडलेली गोष्ट मला आधी किरकोळ वाटली होती. फोन वाजला की पद आपोआप थांबावे, असे ॲपमध्ये ठरवता येते. आत्याचा फोन नेमका तान रंगात आल्यावर येतो, हा त्यांचा जुना अनुभव.

एकदा त्यांनी ॲपमधून डबीच बंद केली आणि मग ती सुरू करण्यासाठी मला हाक मारली. काही संगणक नेटवर्कवरून जागे करता येतात, तशी आज्ञाही या ॲपमध्ये आहे, पण रास्पबेरी पायला ती समजत नाही. डबीची वीज तोडून पुन्हा द्यावी लागते. म्हणून आता बाबा रात्री आधी ॲपमधून डबी बंद करतात, तिचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की भिंतीवरचे बटण दाबतात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा ठेवण्यापूर्वी तेच बटण पुन्हा सुरू करतात. चहा उकळेपर्यंत डबी तयार असते.