ओल्या पुठ्ठ्याच्या वासाचं मूळ सापडलं

सापडलं! वाइन चाखायच्या तीन बैठका आमच्या नाकी नऊ आणणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास नेमका कुठून येतो ते शनिवारी रात्री कळलं. सिराज या रेड वाइनचा अहवाल म्हणूनच मागे ठेवला आहे, आधी हे.

मागचं वाचलेल्यांना आठवत असेल, पावसाळा लागल्यापासून नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या बैठकीत दर वेळी एक-दोन बाटल्या त्या वासाने बाद होत होत्या. पावसात भिजून बाल्कनीत राहिलेल्या खोक्याला येतो ना, अगदी तसाच. मी तो कॉर्कचा दोष, म्हणजे बुचातून वाइनमध्ये उतरणारा टीसीए हा रासायनिक पदार्थ, ठरवून मोकळा झालो होतो. लिटरमागे दोन-पाच नॅनोग्रॅम टीसीएसुद्धा नाकाला कळतो, त्यामुळे शंका अगदीच निराधार नव्हती. दोन रेड वाइनना मी इथेच ‘कॉर्क लागलेल्या’ म्हटलं होतं. ते दोन्ही शेरे आज मागे घेतो.

पहिला धक्का ऑगस्टमध्ये बसला. तोच वास एका स्क्रू कॅपच्या, म्हणजे बुचाऐवजी फिरवायचं झाकण असलेल्या बाटलीला आला. वायनरीतली पिंपं किंवा लाकूड बाधित असेल तर स्क्रू कॅपमध्येही टीसीए येऊ शकतो, पण ते विरळाच. मग वही काढून बसलो. सगळे ‘पुठ्ठा’ शेरे चौथ्या क्रमांकापासून पुढे! पहिल्या फेरीतल्या तीन वाइनपैकी एकीलाही नाही. आमच्यातले डॉक्टर म्हणाले, नाक थकतंय. पटलं. पुढच्या वेळी दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास थांबलो, साधं पाणी नि पाव घेतला. वास हजर. वाइनचा क्रम उलटा केला, तरी दुसऱ्या फेरीतच.

म्हणून या शनिवारी कुणालाही न सांगता एकच शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन दोनदा ठेवली. नाशिकचीच, स्क्रू कॅपची, एकाच बाटलीतली, दोन बाटल्यांत वाटून. लेबल दिसू नये म्हणून बाटल्या पिशव्यांत असतात, ही होती पिशवी क्रमांक २ आणि पिशवी क्रमांक ५. वीसपैकी गुणांची सरासरी आली अनुक्रमे १५ आणि १०. दुसऱ्या क्रमांकाखाली काकांनी लिहिलं होतं ‘पिकलेला पेरू, थोडं खरबूज, आंबटपणा मस्त’. त्याच काकांनी पाचव्याखाली लिहिलं ‘फळ मेलेलं, ओला पुठ्ठा’. पिशव्या काढल्या तेव्हा काका वही हातात धरून बराच वेळ गप्प बसले होते.

तेवढ्यात वहिनी पाणी ओतायला म्हणून दुसऱ्या फेरीसाठी काढलेला एक कोरा ग्लास घेऊन आल्या, पाणी ओतलं, तोंडाशी नेला आणि थबकल्या. ‘अहो, ग्लासालाच वास मारतोय की!’

फिल्टरचं साधं पाणी, आणि त्याला पुठ्ठ्याचा वास! सगळ्यांनी आळीपाळीने हुंगलं. कपाटातल्या ग्लासांना काही नाही. पहिल्या फेरीला आम्ही कपाटातले अठरा ग्लास वापरतो. दुसऱ्या फेरीचे अठरा माळ्यावरच्या खोक्यांतून निघतात, प्रत्येक कप्प्यात पालथा घातलेला एकेक. धुऊनच ठेवलेत म्हणून नुसते पुसून घ्यायचो. पावसाळ्यात पुठ्ठ्याने ओल धरली आणि तो वास पालथ्या ग्लासात कोंडून राहिला. चार महिने दोष ग्लासांचा होता आणि गुण आम्ही बाटल्यांचे कापत होतो.

रात्री साडेदहाला लगेच खातरजमा केली. सहा जण, प्रत्येकासमोर तीन ग्लास, तिन्हींत तीच शेनिन. दोन कपाटातले, एक खोक्यातला. वेगळा कोणता ते ओळखायचं. सहापैकी पाच जणांनी बरोबर ओळखला. नुसत्या अंदाजाने पाच किंवा अधिक जण बरोबर येण्याची शक्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे शंभरात दोनहूनही कमी. चुकले ते दिंडोरीचे आमचे मित्र. गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) फुटलेल्या द्राक्षबागेत डाऊनी या रोगावरची फवारणी उरकून ते थेट आले होते, नाकात अजून औषधाचा वास होता म्हणाले.

खरा कॉर्कदोष आणि हा प्रकार यातला फरक ओळखायची सोपी युक्ती लिहून ठेवा: शंका आली की वाइन दुसऱ्या स्वच्छ ग्लासात ओता. ग्लासाचा वास बहुतेक मागे राहतो. टीसीए असेल तर तो सोबत येतो आणि हवा लागल्यावर आणखी जाणवतो.

आता ग्लास गरम पाण्याने, सुवासिक लिक्विड न लावता धुतो. लिंबाच्या वासाचं लिक्विड व्हाइट वाइनचा घात करतं, हे माझं ठाम मत. उभेच ठेवतो, ओतण्यापूर्वी प्रत्येक रिकामा ग्लास हुंगतो. शिवाय गुण लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. फ्रान्सच्या बोर्दोत झालेल्या नि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात व्हाइट वाइनमध्ये लाल रंग मिसळला, तर वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं होतं. डोळे एवढं फसवतात, तर शेजारच्याने ‘पुठ्ठा’ म्हटलेला कानात गेल्यावर नाक काय करेल! आमच्याकडे एकाने म्हटलं की बाकीच्यांनाही यायचाच.

याच गडबडीत एक छान गोष्ट घडली. काकांनी तिसऱ्या पिशवीतली सोविन्यों ब्लां ही दुसरी व्हाइट वाइन पहिल्याच हुंगण्यात ओळखली, ‘सिमला मिरची नुकती चिरल्यासारखी’ म्हणून. सहा महिन्यांपूर्वी ते शेनिन आणि सोविन्योंमध्ये हमखास गोंधळायचे. आणि उरलेल्या शेनिनसोबत तिखट चिवडा काढला तेव्हा किंचित गोडसर वाइनने तिखटाला अलगद मऊ केलं. रेडबरोबर हाच चिवडा घशाशी जळजळतो, करून पाहिलंय.

आता सिराज. दिवाळीनंतर सहा बाटल्या ठरल्या होत्या, पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की आधी त्या दोन बाद ठरवलेल्या रेड पुन्हा आणाव्यात. त्यातली एक दुकानदाराने माझ्या शब्दावर बदलून दिली होती. तिचे पैसे उद्या देऊन येतो, त्याने एका शब्दानेही हुज्जत घातली नव्हती. म्हणजे सिराज चारच. आणि बैठकीच्या सुरुवातीला वाइनमधल्या दोषांच्या वासांचे नमुने ठेवू: पुठ्ठ्याचा तुकडा भिजवलेलं पाणी, चिरून काळी पडलेली सफरचंदाची फोड, व्हिनेगरचे दोन थेंब, विझवलेली काडी.

उरलेल्या वाइनसाठी बाटलीतली हवा काढणारा पंप घ्यावा का, असं मागच्या वेळी दोघांनी विचारलं होतं. मला त्याने फारसा फरक जाणवला नाही. ३७५ मिलीची रिकामी बाटली धुऊन ठेवा, उरलेली वाइन तिच्यात गळ्यापर्यंत भरा आणि फ्रिजमध्ये टाका. शनिवारची शेनिन आज मंगळवारी तशीच काढली, पेरू अजून आहे.

ते अठरा ग्लास बाल्कनीत पंच्यावर उभे वाळताहेत. खोकी दिंडोरीचे मित्र घेऊन गेले.