डावीकडचा उजवा कप्पा

पेसमेकरआधीचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हे पाच-सात मिनिटांचं काम. त्या दिवशी बाहेर रांग होती आणि ६८ वर्षांच्या आजींच्या फॉर्मवर रेसिडेंटने एवढंच खरडलं होतं : ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक, ठोके ३८, जुना अटॅक. एलव्ही फंक्शन बघणे.’ म्हणजे वरच्या कप्प्यांचा विजेचा संदेश खाली पोचत नाही, आणि खालचा डावा कप्पा (एलव्ही) कसा काम करतोय ते मी बघायचं.

आजींना डाव्या कुशीवर वळवलं, जेल लावून प्रोब टेकवला. डावा कप्पा फुगलेला, त्याच्या तोंडाची मायट्रल झडप चांगलीच गळकी. फाइलमधल्या तीन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टातही नेमकं हेच होतं, आणि खाली सही माझीच. तेच पुन्हा लिहून मी मोकळा झालो असतो. अडलं ते शॉर्ट ॲक्सिसमध्ये, म्हणजे हृदयाच्या आडव्या छेदात. मधोमध महारोहिणीचं वर्तुळ आणि तिला पुढून वळसा घालणारी फुप्फुस धमनी, हे रोजचं चित्र काही केल्या मिळेना. त्याऐवजी दोन वर्तुळं शेजारी-शेजारी, दुनळी बंदुकीसारखी. प्रोब उलटा धरलाय की काय म्हणून त्याची खूण तपासली. बरोबर होती.

मग चारही कप्पे एकदम दिसतील असा प्रोब धरला आणि झडपा कप्प्यांमधल्या पडद्याला कुठे चिकटल्यात ते पाहिलं. त्या एरवी एका पातळीत नसतात. ट्रायकस्पिड, म्हणजे उजव्या कप्प्याची झडप, काही मिलिमीटर हृदयाच्या टोकाकडे सरकलेली असते. इथे सरकलेली झडप डावीकडे होती. आणि झडप कधी आपला कप्पा सोडत नाही. म्हणजे डावीकडचा कप्पा मुळात उजवा! भिंती खडबडीत, टोकाजवळ आडवा गेलेला जाडसर पट्टा, मॉडरेटर बँड. दोन्ही उजव्या कप्प्याच्याच खुणा. ठोके इतके संथ की प्रत्येक गोष्ट निवांत बघता येत होती. तीन वर्षांपूर्वीही तो पट्टा तिथेच असणार.

करेक्टेड ट्रान्सपोझिशन. रोकिटान्स्की या डॉक्टरने १८७५ मध्ये वर्णन करून ठेवलेला प्रकार. खालचे दोन कप्पे अदलाबदल, आणि त्यांतून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्याही अदलाबदल. दोन चुका मिळून हिशेब जुळतो. अशुद्ध रक्त फुप्फुसात, शुद्ध रक्त शरीरात, त्यामुळे बाळ निळं पडत नाही. बहुतेकांना सोबत पडद्यात भोक किंवा फुप्फुसाच्या वाटेत अडथळा असतो, म्हणून ते लवकर सापडतात. आजींना तसं काहीच नव्हतं. तीन बाळंतपणं निभावली होती त्या हृदयाने. पण हलक्या दाबासाठी घडलेला कप्पा इतकी वर्षं अख्ख्या शरीराचा दाब ओढत होता, आणि आता त्याची झडप गळत होती. विजेची वाटही या हृदयात लांबची, नाजूक. ब्लॉकचा धोका वर्षाला साधारण २ टक्के.

‘जुना अटॅक’ही त्यातलाच. पडदा उलट बाजूने उत्तेजित होतो, म्हणून ईसीजीत नको तिथे क्यू वेव्ह दिसतात, ज्या एरवी जुन्या अटॅकची खूण मानतात. नऊ वर्षांपूर्वी कोणीतरी त्याला अटॅक म्हटलं. अँजिओग्राफी साफ आली, तरी शिक्का काही पुसला गेला नाही.

कॅथलॅबला, म्हणजे पेसमेकरची तार (लीड) हृदयात बसवणाऱ्यांना, फोन लावला. “लीड स्क्रू-इनच घ्या. उजवीकडे आतून गुळगुळीत आहे, हुकांची लीड धरणार नाही. आणि नुसतं तिथूनच पेस केलं तर दमलेला कप्पा आणखी दमेल, त्याचाही विचार करा.”

क्षणभर शांतता. “सर, प्रोब उलटा तर नाही ना धरलेला?”

मला हसू आलं. रागवायचा अधिकार मला नव्हताच.

आजींना कागदावर हृदय काढून समजावलं. जन्मापासून आहे म्हटल्यावर त्यांना विशेष काही वाटलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

“म्हणजे मला अटॅक आलाच नव्हता?”

“नाही आजी.”

“नऊ वर्षं घरात मला कोणी बादली उचलू देत नाही.”

पेसमेकर बसेपर्यंत तरी उचलू नका, म्हटलं. नवा रिपोर्ट लिहिताना जुन्याची तारीख घातली आणि ‘मागील निष्कर्ष चुकीचा’ असं स्पष्ट लिहून सही केली. आजी पाठ पुसून उठून बसल्या होत्या.

“ते अटॅकचंही लिहा त्यात. जरा मोठ्या अक्षरात.”