तिळगूळ, सद्दाम आणि व्हाउचर

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाची संक्रांत १४ जानेवारीला कधीच व्हायची नाही. शाळेचा हॉल मिळेल तो शनिवार आमचा. रथसप्तमी उलटू नये, एवढंच कमिटी बघायची. गुळपोळ्या घरोघरी वाटून दिलेल्या, मसालेभात ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये. दारातच हातावर तिळगूळ ठेवून कोणीतरी ‘गोड बोला’ म्हणून बजावायचं. ते फार तर चहापर्यंत टिकायचं!

२००३ ची संक्रांत विसरणं शक्य नाही. १ फेब्रुवारीला कोलंबिया यान कोसळून कल्पना चावला गेली होती, म्हणून कार्यक्रम सुरू झाला तो दोन मिनिटं उभं राहून. आणि ५ तारखेला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराकचा सद्दाम आणि ११ सप्टेंबरचा हल्ला करणाऱ्या अल कायदाचं साटंलोटं असल्याचं सांगितलं होतं. स्टेजवर राजकारण नको, असा मंडळाचा नियम. जेवणाच्या रांगेला तो लागू नव्हता.

रांगेत पुढे आमचे ऑडिटर काका. मुंबईत बँकेच्या ऑडिटमध्ये हयात घालवलेली, नुकतेच मुलाकडे राहायला आलेले. कोटाच्या खिशातून त्यांनी पॉवेल यांच्या भाषणाचं प्रिंटआउट काढलं. समासात लाल पेनाच्या खुणा, वहीत चुका काढाव्यात तशा. “११ सप्टेंबरच्या हल्लेखोरांचा म्होरक्या मोहम्मद अट्टा प्रागमध्ये इराकी अधिकाऱ्याला भेटला, असं वर्षभर ऐकतोय. इथे पॉवेल त्याचं नावही घेत नाहीत. का? व्हाउचर, नोंदीमागचा कागदी पुरावा, कुठंय? तो दहशतवादी झरकावी बगदादला उपचार घेऊन गेला म्हणे. पण अन्सार अल-इस्लाम या अतिरेकी गटाचा तळ इराकच्या उत्तरेत, कुर्दांच्या भागात. तिथे सद्दामचं चालतं कुठे?”

मागचा तरुण मॅनहॅटनमध्ये नोकरीला. ११ सप्टेंबरला धुळीने माखून चालत सुटलेला. “काका, तुम्ही तेव्हा दादरला होतात. व्हाउचरची वाट बघत बसलो तर दुसरी इमारत पडेल.” काका गप्प झाले. व्हायलाच हवं होतं. त्याच्या बोलण्यात पुरावा नव्हता, पण भीती खरी होती.

मग तिसऱ्याने आपला नेहमीचा पत्ता टाकला. “विमानं पळवणाऱ्या एकोणिसांतले पंधरा सौदी. अल कायदाचा अबू झुबैदा सापडला पाकिस्तानात फैसलाबादला, बिन अल-शिब कराचीत. आपल्या संसदेवर हल्ला होऊन वर्ष उलटलं. आणि हे निघाले बगदादला!” यावर मात्र अख्ख्या रांगेचं एकमत. शेवटी एक काकू करवादल्या, “अहो, सद्दामला ठेवा तिकडेच, आधी पोळीवर तूप घ्या!”

दहाला हॉलचे दिवे गेले, तरी वाद पार्किंगमध्ये चालूच. थंडीने दात वाजतायत आणि हे गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून बसलेले. बायका कधीच्या वाणाच्या पिशव्या घेऊन गाडीत.

पाडव्याला इराकचं युद्ध सुरू झालेलं होतं. त्या दिवशी कोणी फार बोललं नाही. श्रीखंड मात्र उरलं नाही.

पुढच्या वर्षी, २००४ च्या जुलैत, ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या ९/११ आयोगाचा अहवाल आला. भेटीगाठी झाल्या असतील, पण इराक आणि अल कायदाने हातमिळवणी करून काही केल्याचा पुरावा नाही, असा त्याचा सूर. इराकने अल कायदाला रासायनिक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं, हा पॉवेल यांचा मुद्दा ज्या कैद्याच्या जबानीवर उभा होता, त्या अल-लिबीनेही ती फिरवली होती. गणपतीला तो तरुण मोदकाचं ताट घेऊन थेट काकांच्या शेजारी येऊन बसला.

“काका, व्हाउचर नाही निघालं.”

“ते ठीक. आता एंट्री रिव्हर्स कोण करणार?”

त्याने उत्तर शोधायच्या आत पलीकडच्या टेबलावर राष्ट्राध्यक्षपदाला बुश की केरी सुरू झालं, आणि काका खुर्ची फिरवून तिकडे वळलेसुद्धा.