तो दिल्लीला परत गेला, आम्ही डिचोलीतच

डिचोली (गोवा), रविवार रात्र

भाचा पत्रकारितेचा कोर्स करतोय. जेवताना म्हणाला, "मामा, मला परदेशी वार्ताहर व्हायचंय." मनापासून बरं वाटलं. दूरच्या मुलखात जाऊन तिथलं नीट सांगणारी माणसं हवीतच. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात या पेशातली दुसरीच माणसं घोळतायत: वार्ताहराला मदत करणारी आणि नंतर मागेच राहणारी स्थानिक माणसं.

आपल्याकडे विषय निघाला की पहिलं नाव मार्क टली. जन्म कलकत्त्याचा, १९६५ पासून बीबीसीसाठी दिल्लीत. आणीबाणीत देश सोडावा लागला, १९७७ मध्ये परत आले आणि १९९४ मध्ये नोकरी सोडल्यावरही इथेच राहिले. पण ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा टली मसुरीला होते. बातमी काढली ती त्यांचे सहकारी सतीश जेकब यांनी. "बीबीसीनं सांगितलं" एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

कंबोडियात तर याहून मोठी गोष्ट घडली. १९७५ मध्ये ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेच्या सैनिकांनी न्यूयॉर्क टाइम्सचे सिडनी शॅनबर्ग यांना पकडलं, तेव्हा त्यांचा सहकारी आणि दुभाषा डिथ प्रान यानं गयावया करून त्यांचा जीव वाचवला. शॅनबर्ग बाहेर पडू शकले. प्रान मागे अडकला आणि १९७९ मध्ये कसाबसा थायलंडला पोचला. शॅनबर्गनी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक प्रानच्याही वतीनं स्वीकारलं, म्हणून त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

माझा अनुभव लहानसा. आमच्याकडे लोहखनिजाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा दिल्लीहून आलेल्या एका परदेशी वार्ताहराला मी इथल्या शिरगावला नेलं होतं. खाणीच्या खड्ड्यांमुळे गावातल्या विहिरी आटत चालल्या होत्या. पाणी किती खाली गेलं, असं त्यानं एका मावशीला विचारलं. मी कोकणीत सांगितलं. ती काही बोलली नाही, रहाटावरचा दोर काढून त्याच्या हातात दिला. आधीचा काथ्याचा काळपट दोर, त्याला गाठ मारून निळा नायलॉनचा, पुढे आणखी एक गाठ. त्यानं दोन्ही गाठी चाचपून पाहिल्या आणि मगच वही उघडली. असा माणूस मला आवडतो.

मावशीचा मुलगा मात्र त्याच खाणीवर ट्रक चालवायचा. ट्रक स्वतःचा, बँकेचं कर्ज काढून घेतलेला. निघताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, पोराचं नाव नको रे. मी ते वार्ताहराला सांगितलं, त्यानं लगेच नाव खोडलं. तरी बातमी छापून आल्यावर चहाच्या गाड्यावर मला विचारणा झालीच, "त्या गोऱ्याक कोणे हाडलो?" म्हणजे त्या गोऱ्याला कोणी आणलं? कित्येक दिवस दोघे-तिघे ओळखीचे माझ्याशी बोलत नव्हते. तो केव्हाच दिल्लीला पोचला होता. त्यात त्याचा दोष नाही, पण गावात राहायचं होतं ते मला आणि मावशीला.

पुढे २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थकले, मावशीच्या घरातही तेच. मी त्या वार्ताहराला सविस्तर मेल लिहिला. त्याची तोवर दुसऱ्या देशात बदली झाली होती. त्यानं आपुलकीनं उत्तर दिलं, दिल्लीतल्या नव्या माणसाचा पत्ताही दिला. नवा माणूस काही आला नाही. तिच्या विहिरीबद्दल ज्यांनी वाचलं, त्यांना तिच्या मुलाच्या ट्रकचं काय झालं हे कधी कळलंच नाही.